दोनशे मिलिलिटर दुधात

त्या पावडरीचा वास मला आजही सोसत नाही. भाजलेलं धान्य, कोको आणि साखर यांचा मिळून एक गोडसर, जड वास असतो. कुणाच्या घरी लहान मुलाला ती कपातून दिलेली असली, की मी उठून जागा बदलते. विचारलं तर डोकं दुखतंय म्हणते. खरं म्हणजे मला दुसराच एक कप दिसत असतो. स्टीलचा, काठावर तपकिरी थर वाळलेला, त्या थरात पाय अडकलेली मुंगी. आणि तो कप गरम पाण्याने विसळून ते विसळलेलं पाणी पिणारी माझी वहिनी.

तेव्हा मी शिरूरला बारावीत होते आणि न्हावऱ्याहून रोज एसटीने जाऊन येऊन करत होते. पहिलीपासून इंग्लिश मीडियम. शाळेत मराठी बोललं की दंड, आणि घरी चुकून इंग्रजी शब्द तोंडातून गेला की "आल्या मॅडम". त्यामुळे मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले होते. घरात माझा उपयोग वाचण्यापुरता होता. फवारणीच्या औषधाची बाटली, दादाच्या कंपनीचं पत्र, नव्या मिक्सरची पुस्तिका, जे इंग्रजीत असेल ते माझ्यापुढे यायचं. मी वाचून सांगायचे आणि पुन्हा गप्प बसायचे.

माझे वडील, आप्पा, जाऊन चार वर्षं झाली होती. दादा कुरकुंभला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होता. तिथेच चौघांत एक खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. घरी आई, वहिनी, मी आणि सहा गाई. वहिनी दौंडची, मळेवाल्यांची मुलगी. लग्नाला वर्ष झालं नव्हतं.

तिला तिसरा महिना लागला तेव्हा आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर घरी आल्या. बोटाला सुई टोचून त्यांनी रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन हिमोग्लोबिनचा आकडा सांगितला. "आठ आहे. दहाच्या वर न्यायचं. आठवर बाळंतपण केलं तर जिवावर बेतेल, मी आधीच सांगून ठेवते." त्यांनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या. रोज एक, चहाबरोबर नाही आणि एक दिवसही चुकवायची नाही.

गोळीने वहिनीला मळमळायचं. गंजका खिळा चघळल्यासारखं लागतं म्हणायची. चौथ्या-पाचव्या दिवशी पहाटे ती आणि आई ओढ्याकडून परत आल्या तेव्हा दोघींचे चेहरे उतरले होते. वहिनीला शौचाला डांबरासारखं काळं झालं होतं. आमच्याकडे तेव्हा संडास नव्हता आणि सुनेने एकटीने बाहेर जायचं नसे, त्यामुळे असल्या गोष्टीही सासूपासून लपत नसत. त्या गोळ्यांनी तसं होतंच, पण हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

"आतडी जळाली आतनं," आई म्हणाली. "फुकटच्या गोळ्या. फुकटचं आसंच आसतंय."

त्या सुट्टीला दादा दौंडच्या बाजारातून डबा घेऊन आला. डब्यावर हवेत उडी मारलेला एक गोरा मुलगा होता. डबा आल्याचं आळीत कळलं आणि चार बाया ओट्यावर येऊन बसल्या. आईने डबा माझ्या हातात दिला.

"वाच बरं. काय काय हाय ह्यात ते कळू दे समद्यांना."

मागच्या बाजूला उभा तक्ता होता. मी वाचत गेले. कॅल्शियम, आयर्न, झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन ए, सी, डी, बी वन, बी टू, बी ट्वेल्व, फॉलिक अॅसिड. शाळेत हे सगळं मी पाठ केलेलं होतं, कशाच्या अभावाने कोणता रोग होतो त्यासकट. बेरीबेरी, स्कर्व्ही, मुडदूस. बाया तोंडाकडे बघत होत्या आणि मला ते आवडत होतं. आजवर त्या ओट्यावर माझं कुणी इतका वेळ ऐकलं नव्हतं.

"आन् लोह किती?" आईने विचारलं.

"आयर्न फिफ्टी पर्सेंट. म्हणजे रोज जेवढं लागतं त्याच्या पन्नास टक्के. एका वेळेला."

"म्हंजी निम्मं. दोनदा घेतलं की भरलं."

मी हो म्हणाले.

"मग त्या गोळ्या कशाला गिळायच्या? ह्यात समदं हायच की."

मी त्यालाही मान डोलावली. गोळ्या कोनाड्यात गेल्या. एक बाई उठता उठता म्हणाली, "शिकलेली पोर घरात आसली म्हंजी डाक्टरची गरज न्हाई बघ." आई हसली. मीही हसले असणार.

दूध मात्र आमच्या घरात कुणी पीत नसे. सहा गाई होत्या, पण सकाळ-संध्याकाळ दूध काढलं की ते कॅनमध्ये ओतायचं आणि डेअरीला घालायचं. चहापुरता एक तांब्या मागे राहायचा, त्यातही पाणी पडायचं. डेअरीच्या चिठ्ठीवर दुधाचा कस, म्हणजे फॅट आणि एसएनएफ, छापून येई आणि आईला तो आकडा दशांशापर्यंत पाठ असे. फॅट जरा खाली आलं की ती गोठ्यात जाऊन एकेका गाईच्या पोटाला हात लावून बघायची. तेव्हा पावडर पाण्यातच कालवली जाणार, यात कुणालाच काही विचित्र वाटलं नाही. चहाचा एक चमचा, वर शीग न येऊ देता. डबा पुरवायचा होता.

दादा आला की त्याला मात्र ती पावडर दुधात मिळायची, मोठ्या चमच्याने तीनदा. "शिफ्टा करतंय माझं पोरगं." दादा अर्धवट पिऊन कप तसाच ठेवायचा. तळाशी गाळ राहायचा, चिकट, चिखलाच्या रंगाचा. वहिनी त्यात गरम पाणी ओतायची, बोट फिरवायची आणि पिऊन टाकायची. "कशाला वाया घालवायचं, वन्सं?" मला म्हणायची. मी तोंड फिरवायचे. नवऱ्याचा उष्टा कप, त्याच्या मिशांना लागलेला थर. पण आज आठवतं ते हे, की मला किळस तिची यायची. दादाची नाही, आईची नाही.

पाचव्या महिन्यात सिस्टर पुन्हा आल्या. वहिनी वैरणीला गेली होती.

"गोळ्या चालू आहेत ना?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"चालू हायत की," आई म्हणाली.

मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते. समोरच्या कोनाड्यात लाल गोळ्या होत्या, पाकिटावर धूळ बसलेली. मी पान उलटलं.

वहिनीची जीभ गुळगुळीत झाली होती, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. दोन पायऱ्या चढली की तिला धाप लागायची. घोटे सुजले होते. "पयल्या खेपंला आसतंयच," आई म्हणायची. आणि एका संध्याकाळी मी गोठ्यात दोरी आणायला गेले तर वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी होती. भिंत मातीची होती, शेणाने सारवलेली. पोपडा सुटला होता तिथे ती नखाने माती उकरत होती आणि तोंडात घालत होती. घाईघाईने नाही, सावकाश, बडीशेप खावी तशी. दातांखाली माती करकरल्याचा आवाज मला ऐकू आला. त्या भिंतीच्या खालच्या बाजूला गाईच्या मुताचे ओघळ होते.

मला ओकारी आली. मी बाहेर जाऊन हौदापाशी वाकले, पण काही पडलं नाही. मग मी घरात गेले आणि आईला सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. एरवी ज्या घरात मी चार वाक्यं बोलत नसे तिथे हे सांगायला मला वेळ लागला नाही.

रात्रीच्या जेवणाला आईने वहिनीच्या ताटात भाकरी टाकली ती लांबूनच. "माती पचतीया म्हणं आमच्या सूनबाईला. मग जोंधळं कशाला नासायचं? म्हयेरी मळ्यात हेच खात व्हती व्हय?"

वहिनीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिली.

त्यानंतरच्या रविवारी वहिनीच्या पायांवर इतकी सूज होती की गाईंना पेंड घालायचं काम माझ्याकडे आलं. दोन गाई गाभण होत्या. त्यांच्या पेंडीत खनिज मिश्रण टाकायचं असे. डेअरीतून मिळणारी राखाडी पावडर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवीबरोबर एक माप यायचं आणि आई ते काठोकाठ भरायची, वरून बोट फिरवून सारखं करायची. एक दिवस चुकला तर घर डोक्यावर घ्यायची. मला माप माहीत नव्हतं म्हणून मी पिशवी वाचली. सगळं मराठीत होतं. कॅल्शियम, फॉस्फरस, लोह, तांबे, जस्त, आयोडीन. तीच नावं. त्याखाली गाभण गाईला किती, दुभत्या गाईला किती, वासराला किती, असं वेगवेगळं. आणि अगदी खाली एक सूचना होती. जनावर माती खात असेल, भिंत चाटत असेल, चिंध्या चघळत असेल तर त्याच्या अंगात खनिजे कमी पडली आहेत असे समजावे.

मी ते दोनदा वाचलं. भिंतीत त्या पोपड्याच्या जागी आता वीतभर खळगा झाला होता.

घरात येऊन मी डबा घेतला आणि पहिल्यांदा तक्त्याखालचा भाग वाचला. तिथे इतकी बारीक अक्षरं होती की मला दारात उजेडाला जावं लागलं. आकड्यांजवळ फुल्या होत्या आणि त्या फुल्यांचे अर्थ खाली दिलेले होते. पहिली फुली: हे टक्के सात ते नऊ वर्षांच्या मुलाच्या गरजेचे आहेत. दुसरी फुली: पावडर दोनशे मिलिलिटर दुधात मिसळल्यास. आणि एका वेळेचं प्रमाण म्हणजे दोन मोठे चमचे शीग भरून.

म्हणजे मी ओट्यावर बसून चार बायांना जे वाचून दाखवलं होतं, ते उडी मारणाऱ्या त्या गोऱ्या मुलाचं होतं. त्याच्या पोटात दूध होतं. आमच्या घरी जे दिलं जात होतं ते रंगीत गोड पाणी होतं. फुली म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. पाठ्यपुस्तकात पानोपानी तळटीपा असायच्या आणि मी त्या वाचायचे, कारण त्यावर प्रश्न यायचा. इथे प्रश्न येणार नव्हता.

मी आईला सांगायला गेले. ती कॅन घासत होती.

"आई, ती पावडर दुधात घ्यायची असते."

"दूध? दूध कुठनं आणू? दूध डेअरीला जातंय."

"वहिनींना एक कप..."

"आज एक कप. उद्या तू म्हणशील मला बी. मग कॅनात काय घालू, पाणी?" तिने काथ्याचा बोळा आपटला. "आन् तवा का न्हाई बोललीस? समद्या बायांम्होरं टाकटाक वाचलंस ते?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. गोळ्यांचं नाव मी काढलंच नाही. लहान मुलाच्या फुलीचंही नाही. कोनाड्यातलं पाकीट वहिनीच्या हातात नेऊन देता आलं असतं, त्याला आईची परवानगी लागत नव्हती. पण मग तिला सांगावं लागलं असतं की मी चुकले, आणि मातीचं आईला मीच सांगितलं हेही कबूल करावं लागलं असतं. दहा दिवसांनी सातवा लागला. वहिनीची ओटी भरली आणि पहिलं बाळंतपण म्हणून तिची आई तिला दौंडला घेऊन गेली. जीप वळणापलीकडे गेली तेव्हा मला हलकं वाटलं. आता जे होईल ते त्यांच्याकडे होईल.

पंधरा दिवसांत दादाचा शेजारच्या फोनवर निरोप आला. वहिनीला दवाखान्यात ठेवलंय. रक्त सहा निघालं. बाहेरून रक्त द्यावं लागणार, नाहीतर तिचं आणि बाळाचं, दोघांचं सांगता येत नाही.

आम्ही चौफुल्याला एसटी बदलून दौंडला गेलो. आईने वाटेत नवा डबा घेतला. आजाऱ्याकडे हात हलवत जायचं नसतं. तो माझ्या मांडीवर होता आणि तो मला शिवतोय याचीही शिसारी येत होती.

वहिनी खाटेवर मेणासारखी पडली होती. हाताला रक्ताची पिशवी लावलेली. तिची आई स्टुलावर बसली होती, मेथीच्या जुड्या बांधून बांधून बोटं हिरवट काळी झालेली. ती उठली नाही.

"या, ईहीनबाई."

आईने डबा खिडकीत ठेवला.

"काय घालत व्हता माझ्या लेकीला खायाला?" वहिनीच्या आईने विचारलं. "डाक्टर मला इचारतोय, मी काय सांगू? सहा! भिंतीची माती खात व्हती म्हणं पोरगी."

"समदं घालत व्हतो," आई म्हणाली. "ह्यो डबा काय उगंच हाय? दिसातनं दोनदा देत व्हतो. इचारा हिला, इंग्रजीतनं वाचलंय हिनं. लोह, कॅल्शम, काय न्हाई ते इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनेही.

"मी सगळं वाचलं नव्हतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून मी पुन्हा म्हणाले. "खाली बारीक लिहिलंय. ते आकडे दुधात कालवल्यावरचे आहेत. आणि लहान मुलाचे. गोळ्या बंद करायला नको होत्या."

"गोळ्या बंद केल्या?" वहिनीची आई उभी राहिली. "आन् दुधात म्हंजी? सहा गाया दावणीला आन् माझी पोरगी पाण्यात कालवून पीत व्हती?"

"तुला कवा कळलं हे?" आईने मला विचारलं. दुधाचं मी तिला सांगितलं होतं, ते ती विसरली होती की विसरल्याचं दाखवत होती, कोण जाणे.

"वहिनी इकडे यायच्या आधी."

"आन् गप ऱ्हायलीस?"

वहिनीने डोळे उघडले नाहीत. ओठ कोरडे होते, चिकटलेले सुटायला वेळ लागला.

"दुधाचं काय घेऊन बसलाय, वन्सं," ती म्हणाली. "ते कळायला वाचाया लागतंय व्हय? मी पीत व्हते. पाणी हाय का दूध, जिभंला कळतंय." थोडा दम खाऊन ती पुन्हा म्हणाली, "गोळ्यांचं तेवढं न्हाई कळलं मला. मला वाटलं, शिकलेल्या हायत, त्यांनी वाचलंय."

तिच्या आवाजात राग नव्हता.

दोन पिशव्या रक्त दिल्यावर आकडा नवापर्यंत आला. नवव्या महिन्यात मुलगी झाली, दोन किलोला जरा कमी. दोघी वाचल्या. सव्वा महिना झाला आणि आई, दादा आणि मी त्यांना आणायला गेलो. दादा कुरकुंभहून मोटारसायकलवर परस्पर आला होता.

वहिनीच्या आईने चहा दिला आणि समोर बसली. "डाक्टर म्हणतोय अकरा पायजे. आत्ता दहा हाय. मी न्हाई धाडणार इतक्यात."

"आवो, लोकं काय म्हणतील? सव्वा म्हयना झाला. आमच्याकडं काय उपाशी ऱ्हाणार हाय का ती?" आई म्हणाली. "आन् घरी माणूस न्हाई. मी येकली. गाया हायत, दोन व्यायला झाल्यात."

"गायांसाठी नेताय व्हय तिला?"

"आसं कुठं म्हणलं मी? दूध देऊ की. रोज कपभर बाजूला काढीन मी, झालं?" आईने दादाकडे पाहिलं. "बोल की रं."

दादा किल्लीशी चाळा करत होता. "आई म्हणती तसं करू," तो म्हणाला.

आतल्या दाराशी वहिनी मुलीला खांद्यावर घेऊन उभी होती. तिच्या नखांना आता थोडा रंग होता. ती कुणाकडेच बघत नव्हती. आपल्याबद्दल बोलणं चाललेलं असताना ती नेहमी जशी उभी राहायची, तशीच.

आदल्या संध्याकाळी दूध मीच कॅनमध्ये ओतलं होतं. मागे एक तांब्या ठेवला होता. चहापुरता.

"नका पाठवू, मावशी," मी म्हणाले.

"काय म्हणलीस?" आई म्हणाली.

"नका पाठवू त्यांना. अकरा होऊ दे. आमच्याकडे दूध काढून ठेवत नाहीत. कालही नाही ठेवलं."

दादाच्या हातातली किल्ली थांबली. वहिनीच्या आईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, त्यात कौतुक नव्हतं. मग ती उठली, आमच्यापुढचे कप उचलले आणि म्हणाली, "झालं तर मग. तुमचीच लेक सांगतीया."

परतीच्या एसटीत आई पुढच्या बाकावर बसली आणि शेजारच्या जागेवर तिने पिशवी ठेवली. चौफुल्याला बदलल्यावरही तिने माझ्यासाठी जागा धरली नाही. गाडीला गर्दी होती. मी न्हावऱ्यापर्यंत उभी आले.